महिनाभर आधी आलेली नवमी

तुमचा बाबा आता एका मोठ्या कंपनीत ‘रिलीज’ नावाच्या खात्याचा मुख्य झाला, हे तुम्ही मला फोनवर सांगितलंत. ते खातं नेमकं काय करतं हे समजावून सांगायचा प्रयत्नही केलात आणि मध्येच “जाऊ दे आजी, किचकट आहे” म्हणून सोडून दिलात. किचकट काही नाही. लोकांचं जे सुरळीत चाललेलं असतं त्यात ते खातं दर काही महिन्यांनी थोडासा बदल करून पाठवतं आणि सोबत लिहितं, की काळजीचं कारण नाही. याचा अनुभव मी तुमच्या बाबाच्याच हातून, वसईत बसून घेतलेला आहे. तो स्वतःहून तुम्हाला हे सांगेल असं वाटत नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

मी मुंबईला एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. नोकरीत असतानाच आम्ही वसईत फ्लॅट घेतला आणि मी घरी शिकवण्या सुरू केल्या. गास, निर्मळ, तुळिंज, कुठून कुठून मुलं यायची. वाडीतली मुलं सायकलच्या हँडलला माझ्यासाठी केळीचा फणा नाहीतर दुधी लटकवून आणायची. फीच्या बदल्यात नव्हे, फी वेगळी. हे तुमच्या आजोबांना शेवटपर्यंत पटलं नाही, पण दुधी ते आवडीने खायचे.

मला सगळं जागच्या जागी लागतं हे तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक कागदाला दोन भोकं, प्रत्येक फाईलला लेबल. अशा बाईच्या घरी आमचे गुरुजी आपली वही घेऊन यायचे, म्हणजे बघा. गुरुजी निर्मळचे. स्कूटरवरून फिरायचे. डिकीत पळी-पंचपात्र, दर्भ आणि पंचांग असायचं आणि पायाशी भाजीची पिशवी. त्यांच्या कापडी बांधणीच्या वहीत पंचक्रोशीतल्या सगळ्या यजमानांच्या घरातल्या मृतांच्या तिथी होत्या. पण लिहिल्या होत्या यजमान जोडले गेले त्या क्रमाने, काही तर त्यांच्या वडिलांच्या हातच्या. म्हणजे येत्या महिन्यात कोणाकडे श्राद्ध आहे हे कळायला दर वेळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जायचं. एकदा दोन पानं चिकटली आणि एक कुटुंब दुपारी तीन वाजेपर्यंत वड्यांकडे बघत उपाशी बसलं.

“गुरुजी, हे कॉम्प्युटरवर घेऊ या,” मी म्हटलं.

“घ्या. पण वही माझ्याकडेच राहील,” गुरुजी म्हणाले.

तुमचा बाबा तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता, अमेरिकेला जायच्या आधीची गोष्ट. त्याने चार रविवार खर्चून प्रोग्रॅम लिहिला. घराण्याचं नाव, मृताचं नाव, महिना, पक्ष, तिथी, श्राद्ध कोण करणार आणि पत्ता असे रकाने. मी वहीतलं सगळं त्यात भरलं. पुढे प्रोग्रॅमने प्रत्येक तिथीची यंदाची इंग्रजी तारीख काढायची आणि मी दर महिन्याच्या एक तारखेला पुढच्या महिन्याची यादी छापून गुरुजींना द्यायची आणि घरोघरी चिठ्ठ्या पाठवायच्या, अशी व्यवस्था होती.

पण चंद्र-सूर्याचं गणित काही त्याने केलेलं नव्हतं. त्यासाठी पुण्याच्या एका लहानशा कंपनीकडून त्याने तयार ‘लायब्ररी’ आणली होती. मी विचारलं, लायब्ररी म्हणजे पुस्तकं कुठे आहेत? तो म्हणाला, “आई, तू गरम मसाला घरी कुटतेस का? पाकीट आणतेस ना? तसंच हे. पंचांगाचं पाकीट. मी फक्त आमटी केली.” हे मला लगेच समजलं. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायचं असतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चिठ्ठ्यांचा असा काही बोलबाला झाला की विचारू नका. तेव्हा वसईत ‘कॉम्प्युटरवर काढलेलं’ म्हटलं की लोक उभे राहून वाचायचे. आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी आपल्या आजोबांच्या श्राद्धाची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून शोकेसमध्ये ठेवली होती. दुसरे एक मुलीची पत्रिका घेऊन आले, मंगळ आहे की नाही तेवढं मशीनमधून बघा म्हणाले. गुरुजी वीस वर्षं तेच सांगत होते, तेच पंचांग बघून. पण तोंडाने सांगितलेली तिथी आणि भोकाभोकांच्या कागदावर कर्रकर्र करत उमटलेली तिथी, यांत लोकांच्या लेखी फार अंतर होतं. खरं सांगायचं तर माझ्याही.

तीन वर्षं उत्तम चाललं. दरम्यान तुमचा बाबा अमेरिकेला गेला. मग एका श्रावणात त्याचा ई-मेल आला. पंचांगवाल्यांनी नवीन आवृत्ती काढली आहे, त्यात ग्रहणाच्या वेळांची एक चूक सुधारली आहे, सोबतची फाईल जुन्या फाईलच्या जागी ठेव. ‘मायनर अपडेट आहे आई. तुझ्या कामात काहीही बदल नाही. दोन मिनिटांचं काम.’

दोन मिनिटांत झालं हे खरं आहे. फाईलबरोबर माहितीपत्रक होतं, तेही मी छापलं.

मी काही आंधळेपणाने विश्वास ठेवणारी बाई नव्हे. मी तपासणी केली. भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसले आणि नव्या आवृत्तीला एकेक दिवस विचारला. गुढीपाडवा? बरोबर. रामनवमी? बरोबर. अक्षय्य तृतीया, गणेश चतुर्थी, दसरा. सगळं तंतोतंत. पाचही ठिकाणी मी पेन्सिलीने बरोबरची खूण केली, खाली तारीख घालून सही केली आणि कागद फाईलला लावला.

त्यानंतर दोनच दिवसांनी तुळिंजहून माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंही गासची, दोघंही माझ्याकडे शिकलेली. त्यांची आई वाडीत भाजी करायची. मुलं शिकवणीला असताना ती महिन्यातून एकदा तरी यायची आणि दारातूनच विचारायची, “बाई, पोरगा बोलतो का इंग्लिश, का नुस्ता हसतो?” पोरगा बोलायला लागला आणि बोलता बोलता मस्कतला नोकरीला गेला. आदल्या वर्षी ती माउली गेली. त्याला निरोप मिळाला, तिकीट मिळेपर्यंत तीन दिवस गेले आणि तो पोचला तेव्हा चूलसुद्धा सारवून झाली होती. आईचं तोंड त्याने पाहिलं नाही. तेव्हा तो माझ्यासमोर एवढंच बोलला होता, “बाई, वर्षश्राद्धाला मी असणार. काय वाटेल ते होवो.”

“बाई, भावाला तारीख हवीय,” बहीण म्हणाली. “तिकडे दोन महिने आधी अर्ज टाकावा लागतो. एकदाच रजा मिळते, पंधरा दिवस. पुढेमागे करून देत नाहीत.”

मी लगेच चिठ्ठी काढून दिली. कार्तिक वद्य नवमी. तारीख ऑक्टोबरातली आली, तिसऱ्या आठवड्यातली.

तिने ती दोनदा वाचली. “ऑक्टोबर? गेल्या वर्षी तर नोव्हेंबर संपत आला होता.”

“तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येते.”

“हो, पण हे जरा जास्तच मागे वाटतंय.”

“अगं, कॉम्प्युटर मनाचं काही सांगत नाही,” मी म्हणाले.

एवढं ठाम वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा बोलले असेन. ती बिचारी जुनी विद्यार्थिनी. बाई म्हणाल्या म्हणजे झालं. खाली पीसीओत जाऊन तिने तारीख मस्कतला कळवली.

पुढे गणपती झाले, पितृपक्ष झाला, नवरात्र आलं. ऑक्टोबरची यादी मी सप्टेंबरच्या एक तारखेलाच गुरुजींना पोचवली होती, पण गणपतीपासून नवरात्रापर्यंत त्यांना कागद उघडायला वेळ कुठला! यादी डिकीत पडून राहिली. कोजागिरीनंतर चार दिवसांनी, सकाळी साडेआठच्या सुमारास, स्कूटर आमच्या खाली थांबली. गुरुजी दोन मजले चढून आले ते बसलेसुद्धा नाहीत.

“बाई, माझे चार यजमान कुठे गेले?”

“कुठले चार?”

“आश्विन वद्यातले. तृतीयेचे, पंचमीचे, सप्तमीचे दोन. चौघांना चिठ्ठी नाही, यादीत नाव नाही. तृतीया होऊन गेली. त्या म्हाताऱ्याला पंचांग कळतं म्हणून त्याने मला स्वतः बोलावलं, नाहीतर बाप उपाशी राहिला असता त्याचा. आणि हे बघा, ही कार्तिकातली माणसं इथे दिवाळीच्या आधी कशाला येऊन बसलीत?”

मी यादी घेतली. कार्तिक वद्य पंचमी. कार्तिक वद्य नवमी. कार्तिक वद्य द्वादशी. सगळ्यांपुढे ऑक्टोबरच्या तारखा.

“आता नवमी जर या शनिवारी,” गुरुजी म्हणाले, “तर कार्तिकातली एकादशी सोमवारी. म्हणजे निर्मळची जत्रा सोमवारी. मग जाऊन सांगा त्या सुकेळीवाल्यांना. केळी अजून उन्हात वाळतायत त्यांची.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो. उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे चंद्र वाढत असतो तो शुद्ध पंधरवडा दोघांच्याही एकाच महिन्यात पडतो. पण पौर्णिमेनंतरच्या वद्य पंधरवड्याला आपण जेव्हा आश्विन म्हणतो, तेव्हा त्यांचा कार्तिक सुरू झालेला असतो. दिवस तोच, तिथी तीच, महिन्याचं नाव मात्र एकाने पुढे. पंचांगाच्या नव्या आवृत्तीने महिना मोजायची आपली रीत सोडून उत्तरेची धरली होती.

आणि मी तपासलेले पाचही दिवस शुद्ध पक्षातले होते.

मी उठले, कपाटातून फाईल काढली. माहितीपत्रक जागच्या जागी होतं, दोन भोकं पाडून, क्रमांक घालून. ग्रहणाच्या सुधारणेबद्दल तीन परिच्छेद होते. त्याखाली, ‘इतर किरकोळ बदल’ या मथळ्याखाली, अकराव्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं: अनेक ग्राहकांच्या विनंतीवरून मासगणनेची मूळ पद्धत आता पौर्णिमान्त करण्यात आली आहे, पूर्वीची हवी असल्यास तसा पर्याय चालू करावा. तो कागद मी छापला होता, त्याला लेबल लावलं होतं, अनुक्रमणिकेत त्याची नोंद केली होती. फक्त वाचला नव्हता. चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आले होते, की प्रश्नपत्रिका हातात आली की आधी सूचना वाचा.

गुरुजी माझ्याकडे बघून जरा नरमले. “जाऊ द्या. उरलेल्या तिघांकडे मी आजच जाऊन येतो. कार्तिकवाल्यांना तुम्ही सांगा, महिनाभर थांबा म्हणून. एवढंच ना?”

“गुरुजी,” मी म्हटलं, “नवमीवाला मस्कतहून येतोय.”

आता गुरुजी बसले.

मी अमेरिकेला फोन लावला. तुमच्या बाबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ओके. सोपं आहे. एक ओळ आहे. सेटिंग बदलायचं. मी मेल करतो.”

“तू तर म्हणाला होतास काही बदल नाही. मायनर म्हणजे काय रे?”

“म्हणजे आवृत्तीचा पहिला आकडा तोच राहतो, फक्त दुसरा बदलतो.”

“अरे, इथे माणसाचा महिना बदलला!”

“आई, टेक्निकली त्यांनी काही काढून टाकलेलं नाही. जुनी पद्धत अजून आहे. फक्त डिफॉल्ट बदललं.”

“म्हणजे मी तुझं घर तसंच ठेवायचं, फक्त दाराला दुसरं कुलूप लावायचं आणि किल्लीचं अकराव्या ओळीत सांगायचं. मग काही बदललं नाही, असंच ना?”

तो मग म्हणाला, “तू टेस्ट केलं होतंस ना?”

मी फोन ठेवला. आयएसडीचे पैसे वाचवायला ठेवला असं मी त्याला पुढे सांगितलं.

पुण्याच्या कंपनीलाही मी पत्र लिहिलं, इंग्रजीत, परिच्छेदांना क्रमांक देऊन. उत्तर तत्परतेने आलं. आपल्याला झालेल्या तसदीबद्दल त्यांना खेद वाटत होता. मात्र हा दोष नसून सुधारणा आहे, आणि माझ्या पत्राबद्दल मला पुढच्या आवृत्तीवर सवलत मिळेल, असं त्यांनी कळवलं होतं. त्यांच्या सौजन्याला मी आजही तोड पाहिलेली नाही.

एका ओळीने यादी खरंच सुधारली. आश्विन आश्विनात गेला, कार्तिक कार्तिकात. नवमी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन बसली. पण मस्कतच्या विमानात बसलेल्या माणसाला मागे नेणारी ओळ कोणाकडेच नव्हती. गुरुजी यादी घेऊन आले त्याच दिवशी सकाळी तो उतरला होता आणि त्याचं परतीचं तिकीट दिवाळी संपता संपताचं होतं.

संध्याकाळी चार वाजता आम्ही गासला गेलो. गुरुजी म्हणाले होते, “तुम्ही कशाला? मी सांगतो, पंचांगाची गडबड झाली म्हणून.” मी म्हटलं, गडबड पंचांगाची नाही, माझी आहे. तेव्हा त्यांच्या स्कूटरच्या मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर फाईल घेऊन मी बसले. त्या वयात मला तसं जाताना अर्ध्या गावाने पाहिलं.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मस्कतचा बाहेर आला, वाकून नमस्कार केला. तुळिंजहून बहीण आलेली होती आणि त्यांचे वाडीत राहणारे काका ओट्यावर बसले होते. त्याने पेटीतून एक नवीन पांढरं धोतर आणून गुरुजींना दाखवलं. “हे चालेल ना? तिकडूनच घेतलंय. शनिवारची सगळी तयारी झालीय, बाई. केळीची पानं, अळू, काका सगळं बघतायत.”

मी ते धोतर धुवून ठेवायला सांगून निघून यावं, असं एक क्षण माझ्या मनात आलं. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, अकराव्या ओळीसकट. माहितीपत्रक काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं. माझ्याकडेच इंग्रजी शिकलेला, त्यामुळे त्याला ते पूर्ण कळलं. दुर्दैवाने.

“म्हणजे शनिवारी आईची तिथी नाही.”

“नाही. एक महिन्याने आहे.”

पहिले बोलले ते काका. “मी म्हनलो होतो! वयनी जत्रेच्या दोन दिवस आदी गेली, म्हनलो का नाय? तर ही म्हनते, काका, कॉम्प्युटरचं हाय.”

बहीण माझ्याकडे बघेना. “बाईंनी सांगितलं होतं,” ती हळूच म्हणाली.

“मग आता कसला विचार,” काका म्हणाले. “पोरगा आलाय, सामान आनलंय, शनवारी उरकून टाका. कोन बघतंय?”

“कार्तिकातली नवमी आश्विनात उरकू?” गुरुजी म्हणाले. “संकल्पात महिन्याचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं हो काका. काय म्हणू, पुण्याच्या कंपनीच्या मते कार्तिक मासे?”

काका हसले नाहीत, पण पाय खाली सोडून बसले.

मस्कतचा विचारत होता रजा वाढेल का, आणि स्वतःच उत्तर देत होता की नाही वाढणार. एवढा बत्तीस-तेहतीस वर्षांचा माणूस, माझ्या बाकावर बसून नुसता हसायचा तेव्हा जसा दिसायचा तसा दिसायला लागला. “मागच्या वेळी तीन दिवस उशीर झाला. या वेळी महिनाभर लवकर आलो,” तो म्हणाला. मी ते माहितीपत्रक परत फाईलला लावलं.

गुरुजींनी पिशवीतून पंचांग काढलं, चष्मा लावला आणि बराच वेळ पानं उलटली. मला वाटतं त्यांना पानं उलटायची काही गरज नव्हती. थोडा वेळ जाऊ द्यायचा होता.

“हे बघ,” ते म्हणाले. “तारीख चुकली, महिना चुकला. पक्ष चुकलेला नाही, तिथीही नाही. शनिवार वद्य नवमीच आहे. पहिल्या वर्षात दर महिन्याला त्याच तिथीला मासिक श्राद्ध असतं. गेल्या वर्षी तुला परत जायचं होतं म्हणून वर्षभराची मासिकं आपण बाराव्या दिवशीच आगाऊ ओढून घेतली. आठवतंय?”

“हो.”

“ओढून घेतली तरी ती पुन्हा आपापल्या दिवशी करावीत असं सांगितलेलं आहे. सहसा कोणी करत नाही, कारण वेळ कोणाला असतो? तुला आहे. शनिवारी तू आईचं मासिक कर. कमी प्रतीचं काही नाही त्यात. तिच्याच नावाने पिंड, तिच्याच नावाने पान.”

“आणि वर्षश्राद्ध?”

“ते त्याच्याच दिवशी. त्याला हलवता येत नाही.”

“मी करीन की,” काका म्हणाले. “दीर हाय मी.”

मस्कतच्याने बहिणीकडे पाहिलं. “ताई करेल.”

काका म्हणाले, “पोरगी? दिलेली पोरगी?”

“काका, आजारपणात दोन वर्षं तिनंच आईचं सगळं केलं. तुळिंजहून रोज यायची, घरचं टाकून. शेवटचं पाणी तिनंच पाजलं. मी तर...” त्याने हाताने विमानासारखं काहीतरी केलं. “गुरुजी, मुलीला चालतं का?”

मला वाटलं गुरुजी आता पुन्हा पंचांग उघडतील. त्यांनी नाही उघडलं. “मुलगा, नातू, असं करत करत पुढे मुलीचं नाव येतं,” ते म्हणाले. “जरा खाली आहे, पण आहे. इतक्या ग्रंथकारांनी इतक्या सुधारणा केल्या, ते नाव कोणी काढून टाकलं नाही. आणि खाली लिहिलंय म्हणून आपण वाचायचंच नाही असं थोडंच आहे?” हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

बहीण पदर तोंडाला लावून आत गेली. काका ओट्यावरून उठले आणि शनिवारसाठी आणखी किती पानं लागतील ते विचारायला लागले. ते पटल्यामुळे की विषय बदलायचा म्हणून, देव जाणे.

शनिवारी त्याने ते नवं धोतर नेसून आईचं मासिक केलं. मला जेवायला बोलावलं होतं. मी गेले, मान खाली घालून जेवले. निघताना तो म्हणाला, “बाई, तुमच्यावर राग नाही.” आणि मग, “म्हणजे थोडा आहे.” मी म्हटलं, असू दे, तेवढा बरोबर आहे.

नोव्हेंबरातल्या खऱ्या नवमीला मी पुन्हा गासला गेले. दोनच दिवसांवर जत्रा होती, वाटेवर टेम्पो भरून चालले होते. बहीण सकाळपासून उपाशी, हातात दर्भाची अंगठी, गुरुजी म्हणतील तसं जपून जपून म्हणत होती. कुठे अडली की गुरुजी थांबायचे, घाई करायचे नाहीत. काका मागे उभे राहून एकेक वस्तू पुढे सरकवत होते. सगळं झाल्यावर, ठरल्याप्रमाणे शेजारच्या घरी मस्कतहून फोन आला आणि आम्ही सगळे तिकडे गेलो.

“झालं?” त्याने विचारलं. आवाज मोठा होता, बाहेर ऐकू येत होता.

“झालं रे. नीट झालं.”

“पानात कारलं होतं?”

“होतं. गुरुजी म्हणाले लागतंच.”

“मग आईनं बाजूला काढून ठेवलं असेल.”

बहीण हसायला लागली. हसता हसता तिला बोलता येईना, तेव्हा तिने फोन काकांच्या हातात दिला. काका जोरात म्हणाले, “हां, बोल! पोरीनं चांगलं केलं! एकदम बराबर केलं!” आणि बाहेर अंगणात गेले.

निघताना बहिणीने मला फाटकाशी गाठलं. “बाई, पुढच्या वर्षीची चिठ्ठी?”

“भावाला पाठवू ना? आता बरोबर येईल.”

“त्यालाही पाठवा. त्याला जमलं तर त्यानं यावं.” तिने माझ्यासाठी फाटक उघडून धरलं. “पण तुळिंजला पण पाठवा. माझ्या नावाची.”

घरी आल्यावर मी कॉम्प्युटर लावला. श्राद्ध कोण करणार, या रकान्यात भावाचं नाव होतं. ते तसंच ठेवलं, त्याच्यापुढे तिचं घातलं आणि पत्ता तुळिंजचा लिहिला. प्रोग्रॅमने काही हरकत घेतली नाही. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आणलं आणि पुढच्या वर्षाची कार्तिक वद्य नवमी आधी माझी मी शोधली, बोट ठेवून. नंतरच मशीनला विचारली.